केनियाच्या खचदरीतील डायाटोमाइटचे थर : एका भूवैज्ञानिक पुराव्याच्या वाचनाचा इतिहास

सारांश

पूर्व आफ्रिकेच्या खचदरीत, विशेषतः केनियातील कारिआंडुसी आणि ओलोर्गेसाइली या ठिकाणी, डायाटोमाइट या पांढऱ्या, हलक्या खडकाचे विस्तृत थर आढळतात. हे थर प्राचीन सरोवरांचे अवशेष असून त्यांच्याच सान्निध्यात आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली आहेत. गेल्या सुमारे शंभर वर्षांत या थरांचा अर्थ अनेकदा बदलला. पर्जन्ययुगाचे चिन्ह, औद्योगिक कच्चा माल, कालगणनेचे साधन आणि अस्थिर पर्यावरणाची नोंद अशा निरनिराळ्या भूमिकांतून त्यांच्याकडे पाहिले गेले. प्रस्तुत लेखात या बदलत्या वाचनाचा ऐतिहासिक आढावा घेऊन, महाराष्ट्रातील अश्मयुगीन संशोधनाशी त्याचा असलेला संबंध थोडक्यात तपासला आहे.

बीजसंज्ञा : डायाटोमाइट, खचदरी, पर्जन्ययुग, अश्युलियन संस्कृती, कारिआंडुसी, ओलोर्गेसाइली.

प्रास्ताविक

इतिहास म्हणजे लिखित साधनांवर आधारलेला भूतकाळाचा अभ्यास, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु मानवाच्या एकूण वाटचालीचा विचार केल्यास लेखनाचा काळ अत्यल्प ठरतो. त्याआधीच्या लक्षावधी वर्षांसाठी अभ्यासकाला दगड, हाडे आणि मातीचे थर यांवरच अवलंबून राहावे लागते. ही साधने स्वतः बोलत नाहीत. त्यांना बोलते करणारा अभ्यासक आपल्या काळातील सिद्धान्त आणि गृहीतके घेऊन त्यांच्यासमोर उभा असतो. त्यामुळे थर तोच राहतो आणि त्याचा अर्थ मात्र पिढीगणिक बदलतो. केनियाच्या खचदरीतील डायाटोमाइटचे थर हे या प्रक्रियेचे एक ठळक उदाहरण होय.

डायाटोमाइटचे स्वरूप आणि निर्मिती

डायाटम ही पाण्यात राहणारी एकपेशीय सूक्ष्म शैवले असून मराठी परिभाषेत त्यांना करंडक वनस्पती असेही म्हटले जाते. त्यांच्या पेशीभोवती सिलिकेचे कवच असते. झाकणाच्या डबीप्रमाणे एकात एक बसणाऱ्या दोन भागांचे हे कवच असल्यामुळे करंडक हे नाव अन्वर्थक ठरते. शैवल मेल्यावर कवच तळाशी बसते. अशा असंख्य कवचांच्या साठ्यातून कालांतराने पांढरा, सच्छिद्र आणि वजनाला अत्यंत हलका असा जो खडक तयार होतो त्यास डायाटोमाइट म्हणतात.

डायाटम जगातील बहुतेक सर्व जलाशयांत असतात, परंतु जाड आणि शुद्ध डायाटोमाइट मोजक्याच ठिकाणी तयार होतो. त्यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. पाण्यात विरघळलेल्या सिलिकेचा मुबलक पुरवठा हवा, नद्यांनी वाहून आणलेल्या गाळाचे प्रमाण कमी हवे आणि सरोवर दीर्घकाळ टिकायला हवे. ज्वालामुखीय खचदरीत या तिन्ही गोष्टी एकत्र येऊ शकतात. ज्वालामुखीची राख, प्युमिस आणि ट्रॅकाइट यांसारखे खडक यांतून सिलिका पाण्यात सहज उतरते, उष्ण झरे त्यात भर घालतात आणि भूकवचातील विभंगांमुळे खचलेला भूभाग सरोवरासाठी खोलगट द्रोणी उपलब्ध करून देतो.

पाण्याचे रासायनिक गुणधर्मही येथे महत्त्वाचे आहेत. पाणी फार अल्कधर्मी झाले तर सिलिकेची कवचे विरघळू लागतात आणि डायाटमच्या जातीही बदलतात. म्हणून गोड्या पाण्यातील जातींनी भरलेला शुद्ध डायाटोमाइटचा थर हा सामान्यतः बऱ्यापैकी खोल आणि गोड्या पाण्याच्या सरोवराचा निदर्शक मानला जातो. कारिआंडुसीजवळचे आजचे एल्मेंटाइटा सरोवर मात्र उथळ आणि तीव्र अल्कधर्मी आहे. रोहित पक्ष्यांच्या थव्यांसाठी ते प्रसिद्ध असून २०११ साली बोगोरिया आणि नाकुरू या सरोवरांसह त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. या सरोवराच्या आजच्या पातळीपेक्षा बऱ्याच उंचावर डायाटोमाइटचे पांढरे कडे उभे आहेत. जिथे आज खारट पाण्याचा उथळ थर आहे, तिथे कधीकाळी एक वेगळेच, मोठे आणि खोल सरोवर होते, हे त्या कड्यांवरून उघड होते.

खचदरीचा शोध आणि नामकरण

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत युरोपीय भूवैज्ञानिकांना पूर्व आफ्रिकेच्या या दरीची फारशी माहिती नव्हती. स्थानिक मासाई आणि इतर समाजांच्या मात्र ती नित्य वापरातील चराई आणि वाटचालीची भूमी होती. १८८३-८४ मध्ये जोसेफ थॉमसन याने नैवाशा आणि बारिंगो सरोवरांच्या प्रदेशातून प्रवास केला. १८८७-८८ मध्ये काउंट टेलेकी आणि लुडविग फॉन ह्योनेल यांची मोहीम उत्तरेकडील तुर्काना सरोवरापर्यंत पोहोचली. या मोहिमेतून मिळालेल्या माहितीच्या आधारे ऑस्ट्रियन भूवैज्ञानिक एडुआर्ड झ्यूस याने १८९१ साली पूर्व आफ्रिकेतील विभंगांवर प्रबंध प्रसिद्ध केला. झ्यूस स्वतः या प्रदेशात कधीही गेला नव्हता, तरीही या दऱ्या भूकवचाच्या ताणातून निर्माण झाल्या असाव्यात, असे प्रतिपादन त्याने केले.

प्रत्यक्ष क्षेत्रनिरीक्षणाचे काम जॉन वॉल्टर ग्रेगरी याने केले. १८९३ साली त्याने केनियाच्या अंतर्भागात प्रवास केला आणि १८९६ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. दोन समांतर विभंगांमधील भूभाग खाली खचून तयार झालेल्या दरीसाठी त्याने वापरलेली ‘रिफ्ट व्हॅली’ ही संज्ञा पुढे जगभर रूढ झाली. आज केनियातील खचदरीस ग्रेगरीचेच नाव दिले जाते. १९१९ साली तो पुन्हा या प्रदेशात आला, तेव्हा ओलोर्गेसाइली पर्वताच्या परिसरात त्याला दगडी हातकुऱ्हाडी आढळल्या. मात्र त्या स्थळाचा पुढील शोध दोन दशकांहून अधिक काळ लांबला.

पर्जन्ययुगांचा सिद्धान्त

१९२० च्या दशकात डायाटोमाइटच्या थरांना एक नवे महत्त्व प्राप्त झाले. युरोपात पेंक आणि ब्रुकनर यांनी १९०९ पर्यंत आल्प्स पर्वतातील चार हिमयुगांची मांडणी केली होती. युरोपात हिमयुग असताना आफ्रिकेत काय घडत होते, हा प्रश्न स्वाभाविकच पुढे आला. युगांडाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ई. जे. वेलंड आणि केनियात लुई लीकी यांनी त्याचे उत्तर पर्जन्ययुगांच्या रूपात दिले. युरोपात जेव्हा हिम पसरत होते तेव्हा आफ्रिकेत दीर्घकाळ अतिवृष्टी होत असावी, असे या मांडणीचे सार होते. स्वीडिश भूवैज्ञानिक एरिक निल्सन यानेही त्याच सुमारास खचदरीतील जुन्या सरोवरांच्या किनारारेषांचा अभ्यास केला.

या मांडणीत डायाटोमाइट हा प्रमुख साक्षीदार ठरला. आज कोरड्या असलेल्या भूमीवर सरोवराचा गाळ सापडतो, त्याअर्थी त्या काळी पाऊस अधिक पडत असला पाहिजे, असा हा सरळ तर्क होता. लीकीच्या पथकाला १९२० च्या दशकाच्या अखेरीस कारिआंडुसी येथे सरोवरनिक्षेपांशी निगडित हातकुऱ्हाडी सापडल्या. ट्रॅकाइट लाव्हा आणि ऑब्सिडियन या ज्वालामुखीय काचेपासून त्या घडवलेल्या होत्या. हे निक्षेप लीकीने कामासियन पर्जन्ययुगात घातले. पुढे कागेरन, कामासियन, कांजेरन आणि गॅम्ब्लियन अशी चार पर्जन्ययुगांची क्रमवारी रूढ झाली. १९४७ साली नैरोबी येथे भरलेल्या पहिल्या अखिल आफ्रिकी प्रागितिहास परिषदेने या परिभाषेस एक प्रकारची अधिमान्यता दिली.

या सिद्धान्ताचे आकर्षण समजण्यासारखे आहे. निरपेक्ष कालमापनाची पद्धत उपलब्ध नसताना हजारो मैलांवरील थरांची तुलना करण्यासाठी अभ्यासकांना एखादी सामायिक चौकट हवी होती आणि हवामानाने ती पुरवली. परंतु त्यातील दोष मूलभूत होता. सरोवराचा गाळ पर्जन्ययुगाचा पुरावा मानायचा आणि पर्जन्ययुगावरून त्या गाळाचे वय ठरवायचे, असे हे चक्राकार अनुमान होते.

युद्धकाळ, ओलोर्गेसाइली आणि खाणकाम

१९४० च्या दशकाच्या पूर्वार्धात मेरी आणि लुई लीकी यांनी नैरोबीच्या नैर्ऋत्येस, मगाडीच्या वाटेवरील ओलोर्गेसाइली येथे हातकुऱ्हाडींचे प्रचंड साठे शोधून काढले. दुसऱ्या महायुद्धाच्या त्या काळात तेथील उत्खननासाठी इटालियन युद्धकैद्यांचे श्रम वापरले गेले. अश्मयुगाच्या संशोधनाचा इतिहास लिहिताना शोधकर्त्यांची नावे नोंदली जातात, माती उपसणाऱ्या हातांची नोंद क्वचितच होते, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे. रॉबर्ट शॅकलटन या भूवैज्ञानिकाने या परिसराचे मापन करून थरांची चौदा घटकांत विभागणी केली. पांढऱ्या डायाटोमाइटचे थर, ज्वालामुखीय राख आणि प्राचीन मृदा यांची आलटूनपालटून येणारी ही मालिका आजही संशोधनाचा पाया आहे. १९४७ साली हे स्थळ संरक्षित होऊन उत्खननातील हत्यारे जागच्या जागी ठेवलेले संग्रहालय म्हणून खुले झाले.

याच दशकात डायाटोमाइटकडे पाहण्याची दुसरी दृष्टीही केनियात दृढ झाली. सच्छिद्रतेमुळे हा खडक गाळणीसाठी, उष्णतारोधनासाठी आणि रंग किंवा कीटकनाशके यांच्यात भरण-द्रव्य म्हणून उपयोगी पडतो. आल्फ्रेड नोबेलने १८६७ साली डायनामाइटसाठी नायट्रोग्लिसरीन शोषून घेणारे माध्यम म्हणून हीच माती वापरली होती. कारिआंडुसी आणि शेजारच्या सोयसाम्बू परिसरात १९४० च्या दशकापासून डायाटोमाइटचे व्यापारी खाणकाम झाले.

खाणकाम आणि संशोधन यांचे नाते येथे दुहेरी राहिले. खाणीमुळे थरांचे उभे छेद उघडे पडले आणि भूवैज्ञानिकांना ते पाहता आले. जी. जे. एच. मॅकॉल याने १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या नाकुरू परिसराच्या भूवैज्ञानिक अहवालासारख्या सर्वेक्षणांतून या प्रदेशाची तपशीलवार माहिती संकलित झाली. परंतु खणून काढलेला प्रत्येक टन डायाटोमाइट हा त्या प्राचीन सरोवराच्या नोंदवहीतील काही पाने कायमची नष्ट करणाराही होता. लिखित दस्तऐवजाची किमान नक्कल करता येते. थराची नक्कल होत नाही. मोजणी आणि नमुने घेण्यापूर्वी थर उचलला गेला की त्यातील साक्ष संपते.

सिद्धान्ताचा ऱ्हास आणि नवी कालगणना

१९५० च्या दशकाच्या अखेरीस पर्जन्ययुगांच्या मांडणीवर गंभीर आक्षेप घेतले जाऊ लागले. अमेरिकन भूवैज्ञानिक आर. एफ. फ्लिंट याने १९५९ साली तिच्या पुराव्यांची चिकित्सा केली. सरोवर निर्माण होण्यासाठी पाऊस वाढणे हे एकच कारण नसते, हा मुद्दा त्यातून ठळक झाला. खचदरीत विभंगाच्या हालचालीने एखादी द्रोणी बंद होऊ शकते, लाव्हाच्या प्रवाहाने नदी अडू शकते किंवा नव्या विभंगामुळे भरलेले सरोवर रिकामेही होऊ शकते. जो सरोवरगाळ पावसाचा पुरावा मानला जात होता तो प्रत्यक्षात भूहालचालींचा पुरावा असण्याची शक्यता होती. १९६५ साली ऑस्ट्रियातील बुर्ग वार्टेनश्टाइन येथे झालेल्या परिसंवादानंतर ही जुनी परिभाषा मागे पडली.

निर्णायक आघात रेडिओकार्बन कालमापनाने केला. १९७२ साली कार्ल बुत्झर, ग्लिन आयझॅक आणि सहकाऱ्यांनी पूर्व आफ्रिकेतील सरोवरांच्या पातळ्यांची कालनिश्चिती प्रसिद्ध केली. नाकुरू आणि एल्मेंटाइटा ही सरोवरे एकत्र होऊन एक मोठे सरोवर बनले होते, तो काळ शेवटच्या हिमयुगाच्या परमोत्कर्षाचा नसून त्यानंतरचा, म्हणजे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचा निघाला. हिमयुग म्हणजे पर्जन्ययुग हे समीकरण त्यामुळे कोलमडले. उष्ण कटिबंधातील आफ्रिका हिमयुगाच्या परमोत्कर्षाच्या काळात उलट कोरडीच होती, असे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले.

अधिक जुन्या थरांसाठी पोटॅशियम-आर्गॉन आणि नंतर आर्गॉन-आर्गॉन पद्धती उपयोगी पडल्या. डायाटोमाइटचे वय या पद्धतींनी थेट मोजता येत नाही, पण त्याच्या वरखाली असलेल्या ज्वालामुखीय राखेचे मोजता येते. ज्या ज्वालामुखीने डायाटमला सिलिका पुरवली त्यानेच थरांच्या कालमापनाचे साधनही पुरवले, असे म्हणावे लागेल. १९७७ साली आयझॅकचा ओलोर्गेसाइलीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा या स्थळाचे वय बरेच अलीकडचे मानले जात होते. १९९० साली अॅलन डायनो आणि रिचर्ड पॉट्स यांनी केलेल्या आर्गॉन मापनांनी या थरमालिकेचा मुख्य भाग सुमारे १० लाख ते ५ लाख वर्षांपूर्वीचा असल्याचे दाखवले. संपूर्ण मालिकेची सुरुवात आता सुमारे १२ लाख वर्षांपूर्वीची मानली जाते.

अस्थिरतेची नोंद

१९८५ पासून पॉट्स यांच्या नेतृत्वाखाली ओलोर्गेसाइली येथे स्मिथसोनियन संस्था आणि केनियाची राष्ट्रीय संग्रहालये यांचे संयुक्त संशोधन सुरू झाले. २००३ साली तेथे सुमारे ९ लाख वर्षांपूर्वीच्या एका मानवसदृश व्यक्तीच्या कवटीचे अवशेष मिळाले. हजारोंच्या संख्येने हातकुऱ्हाडी देणाऱ्या या स्थळाला त्या घडवणाऱ्याचा चेहरा इतक्या उशिरा, आणि तोही तुकड्यांत, मिळाला.

पॉट्स यांनी मांडलेल्या विचारानुसार मानवी उत्क्रांतीत विशिष्ट हवामानापेक्षा हवामानातील चढउतार अधिक प्रभावी ठरले असावेत. डायाटोमाइट आणि मृदा यांची आलटूनपालटून येणारी मालिका या विचारास पूरक आहे. सरोवर वाढणे, आटणे आणि पुन्हा भरणे हे तेथील जीवसृष्टीने वारंवार अनुभवले. २००५ साली मार्टिन ट्राउट आणि सहकाऱ्यांनी पूर्व आफ्रिकेतील सरोवरकाळांचा एकत्रित विचार करून २७ ते २५ लाख, १९ ते १७ लाख आणि ११ ते ९ लाख वर्षांपूर्वीचे असे तीन आर्द्र कालखंड सुचवले. कारिआंडुसीचा डायाटोमाइट यांतील शेवटच्या खंडात मोडतो. बारिंगो खोऱ्यातील चेमेरोन थरमालिकेत, सुमारे २७ लाख वर्षांपूर्वीच्या काळात, डायाटोमाइटचे थर पृथ्वीच्या अक्षाच्या परांचन गतीशी जुळणाऱ्या, साधारण २३ हजार वर्षांच्या आवर्तनाने येतात, असेही आढळले आहे.

पाऊस की भूहालचाल हा जुना वाद येथे नव्या स्वरूपात सुटताना दिसतो. खचदरीच्या उंच कडांवर पाऊस अधिक पडतो आणि तळाशी बाष्पीभवन तीव्र असते. अशा द्रोणीत पर्जन्यमानातील माफक बदलानेही सरोवराची पातळी शेकडो फुटांनी वरखाली होऊ शकते. द्रोणीचा आकार भूहालचाली ठरवतात, तिच्यातील पाणी हवामान ठरवते आणि दोघांचा गुणाकार थरांत उमटतो. लीकीचे निरीक्षण चुकीचे नव्हते. पाणी खरोखरच वाढले होते. एकाच कारणाने संपूर्ण खंडाचे, आणि तेही युरोपच्या वेळापत्रकानुसार, स्पष्टीकरण देण्याचा आग्रह मात्र चुकीचा होता.

नोंदवहीतील रिकाम्या पानांचे महत्त्वही या स्थळाने शिकवले. ओलोर्गेसाइली येथे सुमारे ५ लाख ते ३.२ लाख वर्षांपूर्वीचा थर धूप होऊन नाहीसा झाला आहे. या खंडापूर्वी मोठ्या हातकुऱ्हाडी दिसतात, त्यानंतर लहान, सुबक हत्यारे, दुरून आणलेले ऑब्सिडियन आणि रंगद्रव्यांचा वापर दिसतो. ही माहिती २०१८ साली प्रसिद्ध झाली. मधल्या स्थित्यंतराचा काळ मात्र नेमका हरवलेला होता. २०१२ साली लगतच्या कूरा द्रोणीत १३९ मीटर खोल वेधन करून काढलेल्या गाळाच्या स्तंभाने ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासानुसार सुमारे ४ लाख वर्षांपूर्वीपासून भूहालचालींमुळे द्रोणी विखंडित झाल्या आणि पाणी व वनस्पती यांची उपलब्धता अधिक बेभरवशाची झाली.

महाराष्ट्राच्या संदर्भात

या इतिहासाचा आपल्याकडील संशोधनाशी प्रत्यक्ष संबंध आहे. १९३० साली कॅमिएड आणि केंब्रिजचे माइल्स बर्किट यांनी आग्नेय भारतातील अश्मयुगाची मांडणी ओल्या आणि कोरड्या कालखंडांच्या आधारे केली. पुढे ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोदावरी-प्रवरा खोऱ्यातील दगडगोट्यांचे आणि गाळाचे थर अशाच आर्द्र-शुष्क चक्रांच्या साहाय्याने समजून घेतले. आफ्रिकेत जी चौकट मोडीत निघाली तिची छाया दख्खनच्या नदीकाठांवरही दीर्घकाळ होती.

दख्खनचे पठारही ज्वालामुखीय आहे. परंतु त्याचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा असल्याने मानवी हत्यारांच्या कालमापनास त्याचा उपयोग नाही. म्हणूनच कुकडी नदीकाठच्या बोरी येथे हत्यारांच्या सान्निध्यात सापडलेल्या ज्वालामुखीय राखेस असाधारण महत्त्व आले. तिचे वय मात्र १४ लाख, ६.७ लाख आणि अवघे ७५ हजार वर्षे असे निरनिराळे सांगितले गेले. राख इंडोनेशियातील टोबा ज्वालामुखीची असल्याचे मत पुढे आले, तरी ती कोणत्या उद्रेकाची आणि हत्यारांच्या थराशी तिचे नाते नेमके काय, यावर वाद झाला. खचदरीत राखेचे अनेक थर एकमेकांची पडताळणी करतात. बोरीत एकाच साक्षीदारावर सारा भार पडतो.

समारोप

कारिआंडुसीच्या पांढऱ्या कड्याकडे विसाव्या शतकात लीकीने पर्जन्ययुग म्हणून पाहिले, उद्योजकाने कच्चा माल म्हणून आणि नंतरच्या संशोधकांनी पर्यावरणीय चढउतारांची नोंद म्हणून. यांतील प्रत्येक दृष्टीमागे त्या काळाची साधने आणि गरजा होत्या. आजचे वाचन अंतिम आहे असे मानण्याचे कारण नाही. मात्र पुढील पिढीला फेरवाचन करता यावे यासाठी मूळ थर शिल्लक राहणे आवश्यक आहे. ओलोर्गेसाइलीचे काही थर ऐंशी वर्षांपूर्वी राखून ठेवले गेले म्हणूनच तेथील जुन्या अनुमानांची दुरुस्ती शक्य झाली. प्रवरा, गोदावरी आणि कुकडीच्या काठावरील थर वाळूउपसा, वीटभट्ट्या आणि सपाटीकरण यांमुळे झपाट्याने कमी होत असताना हा धडा आपल्यालाही तितकाच लागू पडतो. सिद्धान्त चुकला तर तो सुधारता येतो, पण ज्या थरावर तो उभा होता तो थर नाहीसा झाला तर चूक कळण्याचा मार्गच उरत नाही.